पहिलं पान कोणतं? ब्रिजमधल्या उतारीचे संकेत भिडूबरोबर कसे ठरवावेत

गणपतीतली रात्र. आरती, भजन, उसळ-पाव सगळं उरकलेलं. ओटीवर दोन सतरंज्या, बाहेर पाऊस धो धो. आमच्या सावंतवाडीकडच्या घरात जागरणाला मेंढीकोट ठरलेलाच. गेली काही वर्षं एका कोपऱ्यात ब्रिजही चालतो. मुंबईहून आलेला चुलत भाऊ माझा भिडू. विरुद्ध जोडीतल्या दक्षिणेने एक नो ट्रम्प म्हटलं, उत्तरेने थेट तीन नो ट्रम्प. पश्चिमेला भाऊ, उतारी, म्हणजे डावातलं पहिलं पान, त्याची. त्याने इस्पिकची चव्वी टाकली आणि डमी उघडला. इस्पिक असे वाटले गेले होते:

भाऊ, पश्चिम: राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, चव्वी
डमी: राणी, अठ्ठी, तिर्री
मी, पूर्व: एक्का, दश्शी, दुर्री
डिक्लेरर, म्हणजे डाव खेळणारी दक्षिण: छक्की, पंजी

डमीतून तिर्री आली. मी एक्का मारला आणि इस्पिकच परत खेळलो. एक्का गेल्यावर डमीची राणी कुणाला मारता येईना. तिने एक हात केला, डिक्लेररने बाकीचे आठ बाहेर काढले आणि डाव त्यांचा झाला. पहिल्याच हाताला मी दश्शी लावली असती तर? डिक्लेररकडे पंजी-छक्कीच, म्हणजे दश्शीचा हात आमचा. मग एक्का, त्यावर डमीची अठ्ठी पडली असती. मग दुर्री, भावाचा राजा, खाली राणी. नंतर गुलाम आणि नव्वी. सलग पाच हात, तीन नो ट्रम्प तिथल्या तिथे एकने बुडाला असता.

बघत बसलेले काका म्हणाले, "मेंढी जपलीस आणि डाव घालवलास." मेंढीकोट खेळून वाढलेल्या माणसाचा हात दश्शी सोडायला कचरतो, हे खरंच. पण माझं मूळ दुखणं वेगळं होतं. भाऊ म्हणे, "आमच्या क्लबात तिसरं-पाचवं चालतं." मी ती चव्वी वरून चौथी धरली होती. "मेल्या, तुझ्या मनात काय आसा ता माका कसा कळतला?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मोदक पोटात असताना, आम्ही कागद घेऊन बसलो. त्या बैठकीत जे ठरलं आणि पुढे खेळून जे कळलं, ते इथे क्रमाने मांडतो. बोली, डमी, हुकूम एवढं येतं असं गृहीत धरलंय.

आधी एक गोष्ट पक्की करा

डमी उघडण्याआधी पडणारं पान फक्त हेच. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात हा प्रश्न परंपरेनेच सोडवलाय: दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा तो पहिला उतरणार, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा तो. ब्रिजमध्ये डिक्लेररच्या डाव्या हाताला बसलेल्याने डोकं चालवायचं असतं, आणि भिडूने त्या एका पानावरून त्याच्या डोक्यातलं ओळखायचं असतं.

भिडूला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: या रंगात तुझ्याकडे किती पानं, वरची चित्रं आहेत का, आणि मी हाच रंग परत खेळू की दुसरा. एका पानात हे तिन्ही निरोप मावत नाहीत. कोणत्या प्रकारच्या डावात कोणता निरोप जास्त कामाचा, हे ठरवणं म्हणजेच उतारीचे संकेत निवडणं. म्हणून पहिली पायरी अशी: कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे नो ट्रम्प, उजवीकडे हुकमाचा डाव. दोन्हीकडे एकच संकेत ठेवायचा अट्टहास केलात तर एका बाजूला मार खाल.

बारीक पान: चौथं, तिसरं-पाचवं, की आवड-नावड

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण सगळ्यात जास्त उताऱ्या बारीक पानाच्याच असतात.

वरून चौथं हा जुना आणि सरळ मार्ग. लांब रंगातलं वरून चौथं पान टाकायचं. राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, चव्वी यातून सत्ती. याच्या जोडीला अकराचा नियम येतो. तो पाठ करण्यापेक्षा समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा, एक्का चौदा धरा. सत्तीच्या वर चौदातून सात गेले, सात पानं. सत्ती चौथी असेल तर त्यातली तीन उतारी करणाऱ्याकडे आहेत. उरली चार, ती बाकीच्या तिघांत. म्हणून अकरातून पान वजा करायचं. भावाने सत्ती टाकली असती तर मी मोजलं असतं: चार. डमीत राणी आणि अठ्ठी, माझ्याकडे एक्का आणि दश्शी. झाली चार. म्हणजे डिक्लेररकडे सत्तीच्या वरचं एकही पान नाही. दश्शी डोळे मिटून लावता आली असती.

आता त्याने टाकलेली चव्वी बघा. तिसरं-पाचवं या पद्धतीत चार पानांतून तिसरं आणि पाचातून पाचवं जातं. पाचव्या पानाला दहाचा नियम, तिसऱ्याला बाराचा. कारण तेच, वरची चार किंवा दोन पानं आधीच त्याच्याकडे. दहातून चार गेले, सहा. मला चार दिसताहेत, म्हणजे डिक्लेररकडे चव्वीच्या वरची दोन. पण कोणती दोन? पंजी-छक्की, की राजा-नव्वी? चव्वी सांगत नाही. संकेत आधी ठरलेला असता तरी या डावात मला ठाम उत्तर मिळालं नसतं. म्हणून माझं मत: नो ट्रम्पला वरून चौथंच ठेवा. तिथे लढाई पानांच्या दर्जाची असते आणि सत्ती-अठ्ठीसारखं मधलं पान तो दर्जा सांगतं.

हुकमाच्या डावात मात्र भाऊ बरोबर होता. समजा समोरच्यांचा चार इस्पिकचा डाव आहे आणि भिडूने चौकटची दुर्री टाकली. डमीत राणी, दश्शी, चव्वी. माझ्याकडे एक्का, नव्वी, सत्ती, छक्की. म्हणजे भिडू आणि डिक्लेरर मिळून सहा चौकट. आम्ही चौथं खेळत असलो तर दुर्री तीन पानांतलीही असते आणि चार पानांतलीही. भिडूकडे चार असतील तर डिक्लेररकडे दोन, तिसऱ्या फेरीला तो हुकूम मारणार. भिडूकडे तीन असतील तर डिक्लेररकडेही तीन, तिसरी फेरी चालेल. फरक एका पानाचा, आणि तो ओळखायला हाताशी काही नाही. तिसरं-पाचवं असेल तर चार पानांतून दुर्री येतच नाही. दुर्री आली म्हणजे तीन किंवा पाच. फरक दोन पानांचा झाला, आणि पाच चौकट व राजा असलेला माणूस बोलीत गप्प बसला असता का, हे बहुतेक वेळा कळतं. हुकमाच्या डावात 'हा रंग किती फेऱ्या चालेल' याला मोल आहे, म्हणून तिथे संख्या सांगणारा संकेत. दुर्री एकटीही असू शकते, ही शंका मात्र कुठल्याही पद्धतीत राहते. तिचं उत्तर बोलीत शोधायचं. आणि सहा पानं असतील तर तिसरं की पाचवं, हे कागदावर लिहून टाका. आम्ही लिहिलं नव्हतं आणि त्यावरून पुन्हा वाजलं.

तिसरी पद्धत आवड-नावडीची, नो ट्रम्पविरुद्ध. जितकं बारीक पान तितका रंग आवडता: बारीक आलं तर वर चित्र आहे, हाच रंग परत खेळ, मोठं आलं तर रंग पोकळ, दुसरीकडे बघ. 'परत खेळू का' या प्रश्नाचं उत्तर ती झटकन देते, पण अकराचा नियम हातातून जातो. मुरलेल्या जोड्यांना ती फळते. वर्षात गणपती आणि शिमगा असे दोनदा एकत्र बसणाऱ्या आमच्यासारख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

एक सावधगिरी. अकराचा नियम डिक्लेररलाही येतो. तुम्ही भिडूला सांगता ते तोही ऐकतोच. आणि तुम्ही मोजून 'डिक्लेररकडे उणे एक' असं उत्तर आलं, तर ते पान चौथं नव्हतंच. भिडूने पोकळ रंगाचं वरचं पान टाकलंय हे तिथेच ओळखा.

चित्राची पानं

दुसरी पायरी लागोपाठच्या चित्रांची. सर्वसाधारण रीत म्हणजे वरचं पान टाकायचं: राजा-राणीतून राजा, राणी-गुलामातून राणी, गुलाम-दश्शीतून गुलाम. हुकमाच्या डावात दोन लागोपाठ पुरतात. नो ट्रम्पला तीन हवीत, निदान तिसरं एक पायरी सोडून: राजा-राणी-गुलाम किंवा राजा-राणी-दश्शी. नुसते राजा-राणी आणि खाली दोन बारीक असतील तर नो ट्रम्पला चौथं पानच टाकतात.

खरा वाद एक्का-राजा जवळ असताना. जुन्या पद्धतीत एक्का-राजातूनही राजा टाकत आणि राजा-राणीतूनही राजाच. आता माझ्याकडे गुलाम आणि दोन बारीक असतील तर मी काय सांगू? भिडूकडे राणी असेल तर माझा गुलाम सोन्याचा. त्याच्याकडे एक्का असेल तर राणी शत्रूकडे, आणि माझ्या गुलामाला फारसा अर्थ नाही. एकाच राजाला दोन उलटी उत्तरं. म्हणून हुकमाच्या डावात एक्का-राजातून एक्का टाका. मग तिसऱ्या खेळाडूचं काम सोपं होतं: एक्का आला की राणी असल्यास किंवा दोनच पानं असल्यास 'आवडलं' म्हणायचं, राजा आला की एक्का किंवा गुलाम असल्यास. किंमत एवढीच की राजा नसताना एक्का काढलात तर भिडूला तुमच्याकडे राजा असल्याचा भास होईल. पण हुकमाच्या डावात असा एक्का काढणं तसंही फार वेळा परवडत नाही, आणि एक्क्याखालचं बारीक पान काढणं तर त्याहून नाही.

हाच घोळ सोडवायला सिडनी रुसिनो यांच्या नावाची एक उलटी पद्धत आहे. लागोपाठच्या चित्रांतलं दुसरं पान टाकायचं: एक्का-राजातून राजा, राजा-राणीतून राणी, राणी-गुलामातून गुलाम. फक्त एक्का-राजा अशी दोनच पानं असतील तर क्रम उलटा, आणि भिडूने बोललेल्या रंगात ही पद्धत बंद. तर्क चोख आहे. पण रात्री दोनला, लाईट गेलेली, इमर्जन्सी दिव्यात बसलेलो असताना आमच्यापैकी एकाने सवयीने वरचं पान टाकलं, आणि पद्धत त्याच रात्री गुंडाळली.

नो ट्रम्पला एक्का आणि राजा यांना वेगळी कामं वाटून देता येतात. आमची वाटणी अशी: एक्का काढला तर 'आवडलं का सांग'. राजा काढला तर 'मोठं चित्र असेल तर ते टाक, नसेल तर तुझी पानं किती ते दाखव'. हा राजा एक्का-राजा-गुलाम-दश्शी आणि एक बारीक असल्या दणकट रंगातून काढायचा. भिडूकडे राणी आणि एक बारीक असेल तर त्याने राणी टाकून वाट मोकळी करायची, नाहीतर तीच पुढे रंग अडवून बसते. काही जोड्या ही कामं नेमकी उलटी वाटतात. दोन्ही चालतं, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं चालत नाही. राजा-राणी-दश्शी-नव्वी असेल तर नो ट्रम्पला राणी काढायची आणि भिडूकडे गुलाम असेल तर त्याने तो टाकायचा, हेही त्याच ओळीत लिहा.

राजा-गुलाम-दश्शी किंवा एक्का-गुलाम-दश्शी अशा मधूनच सुरू होणाऱ्या माळेला साधी रीत गुलामाची. पण मग गुलाम आल्यावर वर काही आहे की नाही, हे भिडूला कळत नाही. उपाय असा: गुलाम आला तर वर काही नाही. दश्शी आली तर वर एक्का, राजा किंवा राणी आहे. नव्वी आली तर दश्शी आहे, त्यावर काही नाही. नो ट्रम्पला हे उपयोगी पडतं, पण डिक्लेररलाही आयती बातमी मिळते. पहिलं वर्षभर हे नसलं तरी काही बिघडत नाही.

पोकळ रंग आणि भिडूचा रंग

तीन बारीक पानांतून, म्हणजे अठ्ठी, पंजी, तिर्रीतून काय काढायचं? काही जण मधलं काढतात, मग वरचं, मग खालचं. कागदावर देखणं दिसतं. पण पहिलं पान पंजी पडली की भिडूला दुसरी फेरी होईपर्यंत काही कळत नाही, आणि हुकमाच्या डावात दुसऱ्या फेरीपर्यंत घोडं गंगेत न्हालेलं असतं. मला ही पद्धत आवडत नाही. नो ट्रम्पला वरचं काढा, म्हणजे रंग पोकळ हे कळेल. हुकमाला खालचं काढा, म्हणजे तिसरं-पाचवंशी जुळेल. दोनच पानं असतील तर नेहमी वरचं आधी.

भिडूने बोललेल्या रंगात, तुम्ही त्याला पाठिंबा दिला नसेल तर तीन पानांतलं खालचं, म्हणजे त्याला संख्या कळेल. पाठिंबा दिला असेल तर संख्या त्याला साधारण माहीतच आहे. तिथे बारीक तीन असतील तर वरचं काढून 'चित्र नाही' हे सांगा.

समोरून उत्तर

उतारीचा संकेत ठरला आणि तिसऱ्या खेळाडूचं उत्तर ठरलं नाही, तर अर्धंच काम झालं. मोठं पान म्हणजे आवडलं, की बारीक म्हणजे आवडलं? दोन्ही पद्धती प्रचारात आहेत. बारीक म्हणजे आवडलं या पद्धतीत दश्शी-नव्वीसारखी कामाची पानं निरोपासाठी खर्ची पडत नाहीत, म्हणून आम्ही ती घेतली. संख्या दाखवताना मात्र जुनंच ठेवलं: आधी मोठं मग लहान म्हणजे सम. सुरुवातीला या मिश्रणाने डोकं फिरतं. एकच काहीतरी घ्यायचं असेल तर दोन्ही जुनी घ्या.

डबलचे दोन संकेतही इथेच लिहून ठेवा. आपण कुणीच बोललो नसताना भिडूने तीन नो ट्रम्पला डबल दिलं तर डमीने पहिला बोललेला रंग काढायचा. स्लॅमला, म्हणजे बारा-तेरा हातांच्या बोलीला, डबल दिलं तर नेहमीची उतारी करायची नाही. याला थिओडोर लाइटनर यांच्या नावाने ओळखतात. बहुतेक वेळा भिडूकडे कुठल्यातरी रंगात एकही पान नसतं आणि त्याला पहिल्याच फेरीला हुकूम मारायचा असतो.

आमचा कागद

नो ट्रम्प: वरून चौथं. तीन लागोपाठ असतील तर वरचं. एक्क्याला आवड, राजाला मोकळं करणं किंवा संख्या. पोकळ रंगातून वरचं.
हुकूम: तिसरं-पाचवं, सहांतून पाचवं. एक्का-राजातून एक्का. दोन लागोपाठ असतील तर वरचं. दोन पानांतून वरचं.
उत्तर: बारीक म्हणजे आवडलं. मोठं-लहान म्हणजे सम.

एवढंच. स्पर्धेत हेच कन्व्हेन्शन कार्डावर, म्हणजे जोडीचे संकेत लिहायच्या तक्त्यावर, जातं, आणि ते लपवायचं नसतं. डिक्लेररने विचारलं तर उतारी करणाऱ्याच्या भिडूने जोडीचा संकेत सांगायचा. त्याच्या हातात काय असेल याचा अंदाज सांगायचा नाही. पहिलं पान टेबलावर पालथं ठेवण्याची नियमातली सक्तीही इथे कामी येते: ते उलटण्याआधी भिडूला समोरच्यांच्या बोलीबद्दल विचारता येतं, आणि चुकीच्या माणसाने उतारी केली असेल तर पान पालथं असेपर्यंत डायरेक्टरच्या, म्हणजे स्पर्धेतल्या पंचाच्या, सांगण्यावरून मागे घेता येतं. एकदा उताणं पडलं की पर्याय डिक्लेररच्या हातात.

सराव कसा करावा? चौघं जमायची गरज नाही. पत्त्यांचा जोड पिसा, तेरा पानं वाटा, तीन नो ट्रम्पविरुद्ध काय काढाल ते लिहा, मग चार इस्पिकविरुद्ध. भिडूला फोनवर फक्त ते पान सांगा आणि त्याला उलटं विचारा, 'माझ्याकडे काय असेल?' पावसात लाईट नसताना आम्ही असे दहा-दहा हात करतो. २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण आणलं, तेव्हापासून आमची काकी या फोनांना जुगार म्हणायची थांबलीये. आता नुसतं 'झोपा' म्हणते.

कागदाची एक प्रत आमच्या देवघराच्या फडताळात आहे, दुसरी भावाच्या पाकिटात मुंबईला. शिमग्याला येईल तेव्हा राजाचं कलम बदलून एक्क्याला द्यायचं म्हणतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही.